उकर्डा माळी हाजीर हो

परवा कामरगावच्या बाजारात एका शहाण्यानं मला ऐकवलं, "गुरुजी, तुमच्या गावचा थो उकर्डातात्या माळी, डोकं फिरलं होतं मने त्याचं. मुगुट घालून वांग्यायले पानी देत होता." आणि हसला. शेजारचे चार जण हसले. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात पिशवी, पिशवीत मेथी. तरी ती पिशवी मी त्याच्या टाळक्यात घातली असती. मेथी कोवळी होती म्हणून वाचला.

डोकं फिरलं होतं, हे खरं आहे. फक्त ते तात्याचं नव्हतं, गावाचं होतं. आणि त्या फिरलेल्या डोक्यांत एक माझंही होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी थापाड्या आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. माझ्या गोष्टीतला वाघ दर सांगण्याला हातभर वाढतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो: या मजकुरात जिथं आवाज, मिशा आणि वांगी येतील तिथं खुशाल निम्मं कापा. जिथं दोर येईल तिथं कापू नका.

तर उकर्डातात्या. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं याला जन्मतःच उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं आणि नाव ठेवलं उकर्डा. देवानं त्या नावाला फसून त्याला सोडून दिलं ते थेट साडेसहा फूट वाढेपर्यंत. मिशा अशा की केस कापणारा त्यांचे वेगळे पैसे मागायचा. आवाज तर विचारू नका. तात्या विहिरीवर बैलांना "हो" म्हणाला की आसेगावचे बैल थांबायचे. गावाबाहेर नाल्याच्या अलीकडं त्याचा मळा. वांगी, कांदे, रताळी, आणि मधोमध एक जुनं आंब्याचं झाड. वांग्याच्या झाडांना त्यानं सासरच्या माणसांची नावं दिली होती. जे झाड धरत नसे त्याच्यासमोर उभा राहून तो अर्धा अर्धा तास शिव्या द्यायचा. त्याची बायको भागीकाकी बांधावरून ओरडायची, "माह्या भावाले कायले बोलून राह्यले?" आणि गंमत अशी की पुढच्या आठवड्यात ते झाड लगडायचं.

त्याचं एक वाक्य होतं. दिवसातून शंभरदा तो ते म्हणायचा. "म्या पाह्यलं." कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, म्या पाह्यलं. पाऊस कुठून येणार, म्या पाह्यलं. एकदा तहसिलीतल्या कुण्या साहेबाचा तळ पडला होता आणि त्याचा शिपाई तात्याच्या मळ्यातून टोपलंभर वांगी न विचारता उचलून घेऊन गेला. गावात असं झालं की लोक मान खाली घालायचे. तात्या चार कोस चालत तळावर गेला. साहेब जेवत होता. तात्या तंबूच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या शिपायानं वांगे उचलले. म्या पाह्यलं." साहेबानं विचारलं, साक्षीदार कोण? तात्या म्हणाला, "म्याच. अजून कोन पाह्यजे?" साहेबाला हसू आलं, त्यानं टोपलं परत देववलं. तेवढ्यावर तात्या हलला नाही. दोन वांग्यांचं भरीत झालं होतं, तेही त्यानं पानात बांधून घेतलं आणि घरी येऊन भागीकाकीला म्हणाला, "मीठ कमी घातलं लेकानं."

असा हा माणूस. खोटं म्हणजे त्याला खरूज. आणि तरी त्याच्या डोळ्यात एक मोतीबिंदू होता, जन्माचा. त्याचं नाव पारधी.

नाल्यापलीकडं पारध्यांची तीन पालं होती. शिरपत पारधी, त्याची बायको, म्हातारी आई आणि दोन भाऊ. शिरपत फास लावून तितर धरायचा. गावानं ते तितर बोटं चाटून खाल्ले आणि शिरपतचं नाव घेताना तोंड वाकडं केलं. रानडुकरं माजली की त्याला बोलावायचं, भांडं हरवलं की त्यालाच धरायचं. सरकारनंही अख्ख्या जातीवर गुन्हेगाराचा शिक्का मारून ठेवलेला, मग गावाला कशाची लाज? पण बाकीचं गाव फावल्या वेळात द्वेष करायचं, तात्या पूर्णवेळ करायचा. मोटेचा नाडा तुटला, पारधी. कांद्यावर रोग पडला, पारधी. गारपीट झाली तेव्हा तो आभाळाकडं न बघता नाल्याकडं बघत होता. कधी कुण्या पारध्याला चोरी करताना पाहिलंस का, असं मी एकदा विचारलं. आयुष्यात त्या एकाच वेळी तात्या म्हणाला, "पाह्याले कायले लागते?"

आता मुगुटाचं सांगतो. ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळासमोर आमचं गाव नाटक करायचं. नाटक कोणतंही असो, त्यात एक राजा असायचा आणि राजासमोर एक खटला चालायचा. राजा म्हणजे तात्या, कारण तेवढा आवाज दुसऱ्या कुणाकडं नव्हता. मुगुट पुठ्ठ्याचा, वर जरीची पट्टी, काचेचे मणी, हनुवटीखाली बांधायला सुताची नाडी. पडदा उघडायच्या आधी देवळाचा गुरव त्या मुगुटाची पूजा करायचा आणि राजाच्या डोक्यावर बांधायचा. एकदा बांधला की खाली बसलेला माळी संपला, राजा सुरू झाला. नाटकाची शेवटची आरती होऊन गुरवानंच नाडी सोडेपर्यंत त्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, अडवायचं नाही, आणि तो जे बोलेल ते गावानं मानायचं. पाटलाच्या आजोबांनी घालून दिलेली रीत. एकानं ती मोडली, राजाला ढकललं, तर आठ दिवसांत त्याला साप चावला, असं सांगायचे. साप चावला हे खरं, तो माणूस साप धरायचा धंदा करायचा हे कुणी सांगायचं नाही.

या रितीवर आमच्या गावानं बरेच निवाडे उरकले. दोघा भावांचं विहिरीच्या पाळीचं भांडण तात्यानं मुगुट घालून मिटवलं. एका वर्षी तर पाटलाचा मोकाट वळू लोकांचं पीक खातो म्हणून राजानं भर नाटकात त्याला बांधून ठेवायची शिक्षा फर्मावली. पाटील हसला, पण वळू बांधला. रीत त्याच्याच घरची, जाणार कुठं?

हीच गोष्ट पाटलाच्या डोक्यात राहिली.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. एका सोमवारी, शिवरात्रीच्या दोन आठवडे आधी, महादेवाचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. सकाळी गुरवानं पूजा करून पिंडीवर ठेवला होता, संध्याकाळच्या आरतीला पाहतो तर नाही. म्हणजे गेला तो दिवसाउजेडी. गावाला चोर शोधायला तेवढाच वेळ लागला जेवढा नाल्याकडं मान वळवायला लागतो.

मंगळवारी चावडीवर शिरपतला आणलं. पाटील गादीवर, गाव ओट्याखाली, मी शाळेचा मास्तर म्हणून कागद घेऊन बाजूला. शिरपत म्हणाला, "म्या त देवळाकडे फिरकलोच नाई. सोमवारी पाहाटपासून दिवे लागेलोक तात्यानं मले त्यायच्या मयात आंब्याले बांदून ठेवलं होतं. रताळे चोरले मनून." आणि त्यानं मनगटं पुढं केली. वळ होते. लोक म्हणाले, पारध्याच्या हाताला वळ नसणार तर कुणाच्या असणार.

पाटलानं तात्याला विचारलं.

तात्या खांबाला टेकून उभा होता. त्याची मिशी हलली. मग तो आवाज, ज्यानं आसेगावचे बैल थांबायचे, तो मांजराएवढा झाला. "माह्या मयात कोनी नव्हतं," तो म्हणाला. "म्या नाई पाह्यलं."

पाटलानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "आनखी कोनी पाह्यलं काय?"

आता मी ते सांगतो ज्यासाठी हा कागद काळा केला. मी पाहिलं होतं. सोमवारचा उपास, म्हणून दुपारी मी तात्याच्या मळ्यात रताळी आणायला गेलो होतो. शिरपत आंब्याला बांधलेला होता, मोटेच्या नाड्यानं, उभा, छातीवरून आणि मनगटांवरून. ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं. तात्या वाफ्यात उकरलेली माती दाखवत मला म्हणाला, "सापडला लेकाचा. वीस वर्षं वाट पाह्यली." शिरपत मला म्हणाला, "गुरुजी, पानी पाजा." मी म्हणालो, तात्या पाजतील. आणि रताळी पंच्यात बांधून घरी आलो, उकडली, तूप घालून खाल्ली. चांगली गोड होती. पाणी नंतर भागीकाकीनं पाजलं, नवऱ्याला आईबापावरून शिव्या देत.

चावडीवर पाटलाची नजर माझ्यावर आली तेव्हा मी टाक शाईत बुडवला. तो बुडवायची काही गरज नव्हती, त्याला शाई होती.

शिरपतनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग नाही.

तात्या खोटं का बोलला, हे मला भागीकाकीनं सांगितलं. सोमवारी दिवे लागताना तात्या शिरपतला सोडायला गेला, म्हणजे सोडून चावडीवर न्यायला गेला, आणि वाकला तर उकरलेल्या वाफ्यात त्याच्या पायाला काटा बोचला. काळापांढरा, वीतभर लांब. साळूचा, म्हणजे साळिंदराचा. मग एक नाही, पाच-सहा सापडले. रताळी साळूनं खाल्ली होती. शिरपत पहाटे मळ्यात आला होता तो त्या साळूच्या मागावर. तात्यानं काटे कमरेला खोचले आणि दोर सोडला. शिरपत मनगटं चोळत गेला. एवढंच. एका जनावरानं आपल्याला बनवलं आणि वीस वर्षांचा आपला राग एका क्षणात पोकळ निघाला, हे गावाला कळेल, लोक हसतील, एवढ्यासाठी साडेसहा फुटांचा माणूस चावडीवर आडवा झाला. साहेबाच्या तंबूत जो वाकला नाही तो साळूच्या काट्यापुढं वाकला.

पोलिसात द्यायला पुरावा नव्हता, हे पाटलालाही ठाऊक होतं. म्हणून त्यानं मला वाड्यावर बोलावलं. म्हणाला, "गुरुजी, यंदाच्या नाटकात एक खटला घाला. पारध्यानं देवाचा दागिना चोरला. राजाचा निवाडा झकास लिहा. मुगुटातून निघाला की झालं, मंग कोनी विचारत नाई." निवाडा त्याला काय हवा होता ते त्यानं सांगितलं: पारध्यांना वेशीबाहेर हाकला, पालं जाळा.

मी लिहिला. दोन दिवस बसून लिहिला. 'या चांडाळास सहकुटुंब सीमापार करावे व त्याची पालं अग्नीस अर्पण करावीत.' 'अग्नीस अर्पण' हे शब्द सुचले तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. असा मी मास्तर. पोरांना खरं बोलावं हे शिकवायचा मला पगार मिळायचा.

आता एक गोष्ट पाटलाच्या हिशेबात नव्हती. लढाईमुळं घासलेट मिळेना. गॅसबत्त्या पेटणार कशावर? तेव्हा ठरलं की यंदा नाटक दुपारी करायचं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. पण मी पडद्याआड पुस्तक धरून बसणारा, मला माहीत आहे. रात्री बत्तीचा झोत नटाच्या डोळ्यावर असतो. समोर काळोख असतो, काळोखातून टाळ्या येतात. नटाला माणसं दिसत नाहीत. तात्यानं इतकी वर्षं निवाडे दिले ते काळोखाला दिले होते.

त्या दिवशी भर उन्हात पडदा बाजूला झाला आणि तात्याला गाव दिसलं. सगळं. कोण पान खातंय, कोण जांभई देतंय. आणि सगळ्यांच्या मागं, जोड्यांच्या ढिगाशेजारी, पाटलाच्या माणसांनी मुद्दाम आणून बसवलेला शिरपत, त्याची बायको आणि म्हातारी. त्यांच्या बाजूला तुराट्यांच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, नाटकानंतर लागणार होत्या म्हणून.

खटला सुरू झाला. पारध्याचं सोंग पाटलाच्या पुतण्यानं घेतलं होतं. तोंडाला काजळी, डोक्यात तितराची पिसं, आणि माकडासारख्या उड्या. लोक पोट धरून हसत होते. माझे विद्यार्थी हसत होते. शिरपतची म्हातारी काही न कळून इकडंतिकडं बघत होती आणि लोक हसतात म्हणून तीही थोडी हसली. ते हसू मला अजून झोपू देत नाही, बरं का.

निवाड्याची वेळ आली. तात्या सिंहासनावर. मी आतून वाक्य पुरवलं, "या चांडाळास." मी पुन्हा म्हणालो. तात्याची नजर जोड्यांच्या ढिगाकडं होती. शिरपत मांडीवर हात ठेवून बसला होता, मनगटं वर, उन्हात. मी तिसऱ्यांदा म्हणालो, जरा मोठ्यानं. लोकांना वाटलं राजा वाक्य विसरला, एक-दोघांनी शिट्टी मारली.

तेव्हा तात्या उठला. आणि त्या आवाजात, त्या परत आलेल्या आवाजात, त्यानं कचेरीतल्या चपराशासारखी हाळी दिली.

"उकर्डा माळी हाजीर हो."

लोक हसले. त्यानं दुसऱ्यांदा हाळी दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा हसू कमी झालं होतं. मग तो सिंहासनावरून उतरला, काजळी फासलेल्या पुतण्याचा दंड धरून त्याला बाजूला केलं आणि आरोपीच्या जागी स्वतः उभा राहिला. मुगुट डोक्यावर तसाच. पुन्हा वर गेला, राजाच्या बोलीत प्रश्न विचारला, खाली आला, माळ्याच्या बोलीत उत्तर दिलं. वर, खाली, वर, खाली. पायऱ्या दोनच होत्या, पण मला तो डोंगर चढउतर करताना दिसत होता.

"उकर्डा माळी, गेल्या पंधरवड्यातील त्या सोमवारी तू कोठे होतास?"

"माह्याच मयात होतो, महाराज."

"तुझ्यासमवेत आणखी कोण होते?"

"शिरपत पारधी. म्या त्याले आंब्याले बांदून ठेवलं होतं. पाहाटपासून दिवे लागेलोक."

"कोणत्या अपराधाबद्दल?"

"रताळे चोरले मनून."

"त्याने चोरले होते?"

"नाई. साळूनं खाल्ले. काटे सापडले." त्यानं राजाच्या शेल्यातून ते काटे काढले आणि रंगमंचावर टाकले. म्हणजे तो ते कमरेला लावूनच आला होता. ठरवून आला होता की नुसतेच बाळगत होता, हे मला कधी कळलं नाही.

"मग चावडीवर असत्य का बोललास?"

इथं त्यानं खाली येऊन शेल्यानं तोंड पुसलं.

"लाज वाटली, महाराज," तात्या म्हणाला. "पारध्याची नाई वाटली. साळूची वाटली."

पाटील उठला. त्यानं गुरवाला ओरडून सांगितलं, मुगुट काढ, नाटक संपलं. गुरव आरतीचं ताट घेऊन उभा राहिला, दोन पावलं आला, आणि थांबला. आरतीआधी शेवटचं मंगल वाक्य राजानं म्हणावं लागतं, आणि राजा ते म्हणेना. पाटलानं पडद्याकडं बघून मला खूण केली की तू म्हण. पुस्तक माझ्या हातात होतं, शेवटचं पान उघडं होतं. मी ते मिटलं. आमच्या घरी माझा मुलगा सांगतो की बाबांनी धैर्य दाखवलं. कसलं धैर्य? उन्हानं घामेजल्या बोटांतून ते पुस्तक निसटलं आणि आपोआप मिटून खाली पडलं.

तात्या सिंहासनावर बसला. त्यानं निवाडा दिला तो मी लिहिलेला नव्हता, म्हणून नीट लक्षात आहे.

"शिरपत पारधी निर्दोष. त्याच्या पालाला कोनी हात लावायचा नाई. मुखवटा सापडेपर्यंत ह्या नाटकाची आरती होनार नाई, अन् मुगुट उतरनार नाई."

राजाची बोली आणि माळ्याची बोली, दोन्ही एक झाल्या होत्या. मग तो उतरला, मुगुट घालून, राजाचा झगा घालून, गर्दीतून सरळ चालत घरी गेला. कुणी अडवलं नाही. अडवायची रीत नव्हती.

आणि आमचं शूर गाव! ज्यांनी तुराट्या रचल्या होत्या त्यांनी त्या गुपचूप घरी नेल्या आणि चुलीत घातल्या. कुणी शिरपतजवळ गेलं नाही. कुणी म्हणालं नाही की चुकलं. उलट राग आला तो तात्याचा. त्याची भाजी घेणं गावानं बंद केलं. म्हणून तो टोपलं घेऊन कामरगावला जाऊ लागला, मुगुटासकट. मुगुटासकट मोट हाकली, मुगुटासकट वांग्यांना पाणी दिलं, सासरच्या नावानं शिव्या दिल्या. झोपायचा भिंतीला टेकून. भागीकाकी म्हणायची, "राजे, प्रजेचं दळन आना," आणि राजे दळण आणायचे. पोरं मागं लागायची, बाजारात परगावचे लोक टाळ्या वाजवायचे. तो फिरायचा नाही. त्याला ठाऊक होतं, मुगुट डोक्यावर आहे तोवर नाटक चालू आहे, आणि नाटक चालू आहे तोवर तीन पालं उभी आहेत. पाटलाच्या आजोबांची रीत पाटलाच्याच नरड्यात अडकली होती. किती दिवस? मी सत्तर सांगतो. लोक म्हणतात साठ. कापा हवे तेवढे.

वैशाखात देवळामागच्या बारवेचं पाणी आटलं. त्या बारवेत गुरव रोजचं निर्माल्य टाकायचा, सुकलेला बेल, फुलं, फडक्यात गुंडाळून. चिखलात काहीतरी चमकलं. मुखवटा होता, सडलेल्या बेलात अडकलेला. त्या सोमवारी गुरवानंच नजरचुकीनं निर्माल्यासोबत गुंडाळून टाकला होता. चोर कुणीच नव्हता. दोन महिने अख्खं गाव ज्याला जाळायला निघालं होतं तो चोर कधी जन्मालाच आला नव्हता.

गुरव धावत आरतीचं ताट घेऊन तात्याच्या मळ्यात आला. मागोमाग पाटील, मागोमाग गाव. सगळ्यांना एकदम घाई झाली होती, नाटक संपवायची. तात्या आंब्याखाली बसला होता. म्हणाला, "तू नको. शिरपतले बोलवा."

गुरव म्हणाला, रीत नाही. तात्या म्हणाला, मग राहू दे डोक्यावर. शेवटी पाटलानंच माणूस पाठवला.

शिरपत आला. त्याच झाडाखाली आला. मुगुटाची नाडी घामानं आणि अवकाळीच्या सरीनं आकसून हनुवटीत रुतली होती, गाठ दगड झाली होती. शिरपत उकिडवा बसला आणि फास सोडवायची सवय असलेल्या बोटांनी ती गाठ सोडवू लागला. वेळ लागला. गाठ सुटली तेव्हा तो म्हणाला, "तुह्या गाठीपेक्षा ही बरी होती, तात्या." तात्यानं मान हलवली. माफी मागितली का? मी ऐकली नाही. दिली का? तीही ऐकली नाही.

शिरपतनं मुगुट हातात धरला, इकडंतिकडं पाहिलं, आणि रताळीच्या वाफ्यातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर नेऊन ठेवला. मग गावाकडं वळून म्हणाला, "खरं बोलाले मुगुट लागते त्या गावात म्या नाई राह्यत." पावसाळ्याआधी तिन्ही पालं उठली. कुठं गेली, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतर आमच्या गावात नाटक झालं नाही. पाटलानं नवा मुगुट आणला, पण घालायला कुणी पुढं येईना. मुगुट डोक्यावर चढला आणि तोंडून खरं निघालं तर, ही भीती.

तात्याला मी शेवटचं पाहिलं ते याच कामरगावच्या बाजारात. खूप थकला होता. समोर वांगी मांडून बसला होता, आवाज गेला होता, गिऱ्हाईकाला खुणेनं बोलावत होता. मला पाहून त्यानं घाम पुसायला पटका वर सारला. कपाळावर बोटभर रुंद गोरी पट्टी होती, बाकी सगळं तोंड करपलेलं. मुगुटाखाली ऊन पोचलं नव्हतं ती जागा. इतकी वर्षं झाली तरी राहिली होती. त्यानं पट्टीवरून फडकं फिरवलं, पटका खाली ओढला, आणि माझ्या पिशवीत चार वांगी टाकली.

परवाच्या त्या शहाण्याला मी हे सगळं सांगितलं, त्याच जागी, भर बाजारात. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी थापा मारता हे साऱ्यायले माईत हाये. कोनी पाह्यलं हे?"

चावडीवर हाच प्रश्न आला होता तेव्हा मी टाक शाईत बुडवला होता. या वेळी पिशवी खाली ठेवली.

"म्या पाह्यलं," मी म्हणालो.